उलट्या फळ्या

हिंटरबाख, ९ नोव्हेंबर २०१८

कासियान,

तुझी फुकटची बाथरूम मला आतापर्यंत केवढ्याला पडली ते आधी सांगते. इस्पितळातून घरी येऊन आठ दिवस झाले. आठही दिवस मी स्वयंपाकघरात, क्नोडलचे पावाचे गोळे उकळायच्या पातेल्यातून पाणी घेऊन अंग पुसतेय. चष्मा फुटला, तुझ्या त्या ओढ्यातल्या गोट्यांच्या फरशीवर. डाव्या तळहातात चार कुसळं गेली, आणि पाचवं अशा जागी की ते काढायला म्हाताऱ्यांच्या सरकारी तपासणीच्या झांगर्लबाईंना चिमटा घेऊन वाकावं लागलं. शिवाय माझी गुलाबी टाइलची बाथरूम गेली. ती मी तुला मोडायला सांगितली नव्हती.

फोन करत नाही, पत्र लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद तुला मधेच तोडता येणार नाही.

माझा खुबा बदललाय. डॉक्टरांनी बजावलंय की गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही. आणि तू मला काय बसवून दिलंस, तर कंबरेएवढ्या काठाचं लाकडी पिंप. त्याला तू टब म्हणतोस. नळ म्हणून गुरांच्या पाणवठ्यावरची पन्हळ. बेसिन म्हणून मधे खड्डा पाडलेला धोंडा, त्यातलं पाणी जात नाही आणि साबण सापडत नाही. दिवा म्हणून गोठ्यातला कंदील, त्याच्या उजेडात मला माझे स्वतःचे पाय दिसत नाहीत. आणि चारी भिंतींना काळ्या, जुन्या, खरखरीत फळ्या. अरे, मी जन्मभर गोठा, धोंडा आणि पन्हळ यांच्यातून सुटायला धडपडले. तू ते सगळं उचलून माझ्या आंघोळीच्या खोलीत आणून मांडलंस.

झांगर्लबाई दारात उभ्या राहिल्या, पिंपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, इथे न्हायचंय की चढायचंय?"

आता मुद्दा. वीस डिसेंबरला त्या पुन्हा येतील. तोवर मी कुणाच्या मदतीशिवाय आंघोळ करताना दिसले नाही, तर कागदावर लिहितील की ही बाई एकटी राहू शकत नाही. रेगिना लिंझला खोली रिकामी करूनच बसलीय. माझी पोरगी चांगली आहे, पण पाचव्या मजल्यावरून मला कुरण दिसणार नाही. तेव्हा पिंपाजवळ धरायला एक लोखंडी दांडा बसवून दे. बाकीचं मी सहन करीन.

बुर्गल


हॉल, १५ नोव्हेंबर २०१८

प्रिय बुर्गल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा जरा कमी हसलो. तू बरी होतेयस हे कळलं, कारण आजारी माणसाला इतकं रागावता येत नाही.

आता माझंही ऐक. चौदाव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा माझ्याकडे पुठ्ठ्याची पेटी आणि बाबांचे दोन नंबर मोठे बूट होते. आज माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि माझ्याकडून गावरान बाथरूम करून घ्यायला लोक आठ महिने थांबतात. गेल्या साली म्युनिकच्या एका दातांच्या डॉक्टरला हाच टब, हाच धोंडा, हाच कंदील बसवून दिला. त्याने मला मिठी मारली. तुझी बाथरूम मी स्वतः कागदावर काढली, पेन्सिलीने, तीन रविवार बसून. माणसं पाठवली नाहीत, स्वतः आलो. तुला बरं होऊन आल्यावर नवल वाटावं म्हणून.

आणि फळ्यांना नावं ठेवू नकोस. दोनशे वर्षं उन्हात भाजलेलं देवदाराचं लाकूड आहे ते. झिलरटालच्या एका व्यापाऱ्याकडून मिळवलं, त्याच्या मागे दहा जण होते. आजकाल कारखान्यात नवीन लाकूड वाफवतात, तारेच्या ब्रशाने घासतात आणि जुनं म्हणून विकतात. पण खरं जुनं लाकूड हात लावल्याबरोबर कळतं. आंधळ्यालाही कळतं. माझं गिऱ्हाईक त्यासाठीच माझ्याकडे येतं.

त्या भिंतीवर लोखंडी दांडा म्हणजे इस्पितळ झालं. सोबत तागाचा जाड दोर पाठवतोय, गाठी मारलेला. तो छताच्या कडीला अडकव आणि धरून चढ. दिसायलाही शोभेल.

तुझा भाऊ
कासियान


हिंटरबाख, २४ नोव्हेंबर २०१८

कासियान,

दोर मिळाला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, चर्चची घंटा वाजवणारी नाही.

परवा पाद्रीबाबांच्या घरची स्वयंपाकीण मुद्दाम तुझी बाथरूम बघायला आली. गावभर बोलबाला झालाय. आत गेली, सगळीकडे फिरली, बाहेर आली आणि विचारलं, गाय कुठे बांधलीय. मी तिला कॉफी दिली नाही.

तू गिऱ्हाइकांचं सांगतोस. तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरला गोठ्यात आंघोळ करायची हौस असेल, कारण त्याने गोठ्यात कधी काम केलं नाही. जिथे मी पन्नास वर्षं शेण काढलं ती जागा मला शोभेसाठी नको. मला पांढरं, गुळगुळीत, निसरडं नसलेलं आणि भरपूर उजेडाचं काहीतरी हवं होतं. तू एकदा विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं. तू तीन रविवार पेन्सिल घेऊन बसलास, पण फोन उचलायला तुला वेळ नव्हता.

शेजारच्या सेराफिनला सांगितलंय. तो गुरुवारी येऊन दांडा बसवणार आहे. नुसता फळीत ठोकून उपयोग नाही म्हणतो, मागे पक्क्या भिंतीत खिळवावा लागेल, म्हणून पिंपाजवळची एक फळी काढावी लागेल. तुझी परवानगी मागत नाहीये, कळवतेय.

बुर्गल


हिंटरबाख, १ डिसेंबर २०१८

कासियान,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

गुरुवारी सेराफिनने फळी काढली आणि उलटी करून जमिनीवर ठेवली. मग टोपी काढली. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, "बुर्गल, तूच वाच. हे माझं वाचायचं नाही."

फळीच्या मागच्या बाजूला सुताराच्या जाड पेन्सिलीने गवताचा हिशेब लिहिलाय. अक्षर रोमेदचं आहे. माझ्या नवऱ्याचं अक्षर मी कंदिलाच्या उजेडातही ओळखते. असं लिहिलंय:

१९६७. ३९ भारे. पाऊस दोनदा.
१९७३. ४२ भारे. बुर्गलचा पाय मुरगळला. तरी थांबली नाही.
१९८६. ४१ भारे. बुर्गल रागावली आहे. का ते माहीत नाही.

तो व्यापारी कोण, त्याचं नाव काय, त्याला हे लाकूड कुठून मिळालं, एवढंच कळव.

बुर्गल


हॉल, ६ डिसेंबर २०१८

प्रिय बुर्गल,

निकोलस संताच्या दिवशी तुला पत्र लिहितोय, तेव्हा जरा मऊ मनाने वाच.

तुझं पत्र वाचून मीही थक्क झालो. पण हे व्यापारी लोक खोऱ्याखोऱ्यातून हिंडतात, जिथे मिळेल तिथून लाकूड उचलतात, एकमेकांना विकतात. शेवटच्याला पहिला कोण ते माहीत नसतं. कदाचित रोमेदनेच जाण्याआधी काही फळ्या कुणाला दिल्या असतील. तो कधी काही बोलायचा नाही हे तुलाही ठाऊक आहे. बघ ना, कुठून कुठे फिरून शेवटी तुझ्याच घरी परत आल्या. मला तर यात देवाचाच हात दिसतो.

दांडा बसला का? बसला असेल तर मी काही बोलणार नाही.

तुझा
कासियान


हिंटरबाख, १४ डिसेंबर २०१८

कासियान,

देवाला यात ओढू नकोस. देवाकडे ट्रक नाही.

सेराफिन काल बर्फातून वरच्या कुरणावर जाऊन आला. मला चार वर्षं तिथे चढता आलं नाही, हे तुला माहीत होतं. आमचं गवताचं कोठार तिथे नाही. चार कोपऱ्यांना चार दगड आहेत आणि मधे बर्फ आहे. खाली येताना तो गुत्त्यात थांबला. तिथे सगळ्यांना माहीत होतं. सप्टेंबरात, मी शुद्धीवर येत होते त्या आठवड्यात, दारावर हिरव्या अक्षरांत तुझं नाव असलेला ट्रक तीनदा वर गेला आणि तीनदा भरून खाली आला. लोकांना वाटलं मीच विकलं. पैशाची तंगी असेल म्हणून बिचारे माझ्यासमोर विषय काढत नव्हते.

म्हणजे तू माझं कोठार मोडलंस, त्यातल्या थोड्या फळ्या माझ्या भिंतीला ठोकल्यास आणि मला म्हणालास, बुर्गल, ही माझ्याकडून भेट. माझीच वस्तू मला भेट देऊन वर मी आभार मानले नाहीत म्हणून तू दोन पानं रुसलास. आणि मी पकडल्यावर तू रोमेदवर ढकललंस. तो मेलाय म्हणून. तो जिवंत असता तर तुला हिंमत झाली नसती, आणि झाली असती तर तो बोलला नसता, नुसता बघत राहिला असता. ते तुला झेपलं नसतं.

सेराफिनने सगळ्या फळ्या काढून उलट्या लावल्या, लिहिलेली बाजू खोलीकडे. चार दिवस लागले. कोठाराच्या त्या आतल्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते. बायका बाहेर गवत ओढायच्या, आत भारे रचायचे ते पुरुष. त्यामुळे तो तिथे दर वर्षी एक ओळ लिहितो हे मला एक्कावन्न वर्षांत कळलं नाही. माझ्याशी तो जेवताना मीठ दे एवढंच बोलायचा.

एकोणीस वर्षं आहेत माझ्या भिंतीवर. बाकीची नाहीत. १९७८ नाही.

तू तेव्हा म्युनिकला होतास, म्हणून सांगते. त्या साली मी त्याला सोडून आईकडे निघून गेले होते. जूनमध्ये, गवत कापायच्या तोंडावर, रेगिनाला घेऊन. कारणही हीच खोली. बारा वर्षं मी आतल्या नळासाठी आणि न्हाणीसाठी मागे लागले होते. त्या वसंतात हातात चार पैसे आले आणि त्याने गवत कापायचं यंत्र घेतलं. मी पेटी भरली. सप्टेंबरात निरोप आला की येऊन बघ. आले तर गुलाबी टाइलची बाथरूम होती. त्याने स्वतः बसवली होती, एकही ओळ सरळ नव्हती. तीच तू कचऱ्यात टाकलीस.

मी परत आले, पण तो त्यावर एक अक्षर बोलला नाही. गुत्त्यात मात्र बोलला, आणि पुढे तीस वर्षं बोलत राहिला. बायको माहेरी गेली त्या साली मी एकट्याने चाळीस भारे आत घातले, दर वर्षीसारखेच, एकही कमी नाही. लोक टेबल बडवून हसायचे. मला ते त्यांच्या बायका येऊन सांगायच्या. मी कधी त्याला विचारलं नाही. पण तेव्हापासून मनात धरून चालले की मी असले काय नि नसले काय, या माणसाचे भारे चाळीसच.

मला ती फळी हवी. बाकीच्या फळ्या कुठे आहेत?

बुर्गल


हॉल, २० डिसेंबर २०१८

बुर्गल,

ठीक आहे. मीच मोडलं.

छपराची एक बाजू खचली होती. या थंडीच्या बर्फाने ते आडवं झालंच असतं आणि लाकूड कुजून गेलं असतं. मला वाटलं, तू तिथे पुन्हा कधी जाणार नाहीस, आणि तुझी बाथरूम माझ्या खिशातून करायची तर लाकूड तरी घरचं असावं. लिहिलेलं मी पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू. नुसते आकडे आहेत असं समजलो. गवताचा हिशेब कोण वाचतं, म्हणून उन्हाची बाजू बाहेर ठेवली, ती दिसायला चांगली असते. व्यापाऱ्याचं खोटं बोललो, कारण तू विचारलंस तेव्हा मला एकदम आपल्या आईचा आवाज ऐकू आला.

बाकीच्या फळ्या वरच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात आहेत. तीस खोल्यांच्या बाथरूमना लागल्या. त्यातून जे मिळालं त्यात तुझा टब आणि धोंडा आला, म्हणजे माझ्या खिशातून असं मी म्हणालो तेही तितकंसं खरं नाही.

त्या परत मिळणार नाहीत. मालकाने प्रत्येक खोलीत पाटी लावलीय, दोनशे वर्षांचं लाकूड म्हणून. ईस्टरपर्यंत एक खोली रिकामी नाही. मी भिंती उचकटायला गेलो तर माझं नाव त्या खोऱ्यात संपलं. हे नाव मी पन्नास वर्षांत उभं केलंय, बुर्गल. कोठाराची किंमत सांग, दुप्पट देतो. मेलेल्या माणसाचा एक आकडा बघण्यासाठी मला बुडवू नकोस.

कासियान


हिंटरबाख, २७ डिसेंबर २०१८

कासियान,

पैसे नकोत. पैसे देऊन मोकळं व्हायचं तुला चांगलं जमतं.

झांगर्लबाई आल्या होत्या. पिंप मी बाहेर काढलंय, सेराफिनची वासरं त्यातून पाणी पितात, पिंपाचं ते खरं काम. त्या जागी सेराफिनने सपाट फरशी घातली, पांढरी. इस्पितळातलं असतं तसं स्टूल, लांब नळीचा फवारा, छताला ट्यूबलाइट आणि हाताशी लोखंडी दांडा. बाईंसमोर मी आत गेले, बसले, उठले. त्यांनी सही केली आणि मग अर्धा तास भिंतीच वाचत उभ्या राहिल्या. १९८१ ची ओळ त्यांनी दोनदा वाचली: ४० भारे. रेगिनाने पहिल्यांदा दाताळं धरलं. उलटं धरलं.

म्हणजे मी इथेच राहणार आहे. मला कुठे जायचं नाही, तेव्हा मला घाईही नाही. पण तुझं नाव मोठं आणि रोमेदची एक ओळ लहान, हे गणित मला मान्य नाही. नाव तुझं आहे, तूच सांभाळ. फळी माझी आहे. ईस्टरनंतर हॉटेल तीन आठवडे बंद असतं, हे मला सेराफिनच्या भाचीने सांगितलं, ती तिथे चादरी बदलते.

तोवर नाताळाला, वाढदिवसाला, कशालाही येऊ नकोस. आलास तर आंघोळ करून ये. माझ्या बाथरूममध्ये तुला पाय ठेवू देणार नाही.

बुर्गल


हॉल, ८ मे २०१९

प्रिय बुर्गल,

चार महिने मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

फेब्रुवारीत मी त्या मालकाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कोठार कुणाचं, फळ्या कशा आणल्या, मागे काय लिहिलंय. वाटलं होतं दार दाखवेल. त्याने बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला की त्याचीही बहीण आहे. अट एकच घातली, की पाहुण्यांना फरक कळता कामा नये, आणि खर्च सगळा माझा. खर्च माझाच आहे, तो मी तुला सांगत नाही.

नवीन देवदार मार्चमध्ये कापून घेतला, वाफवला, घासला. ज्या कामाला मी जन्मभर नावं ठेवली ते काम स्वतःच्या हाताने केलं, कारण माणसांना सांगायची लाज वाटली. हॉटेल बंद झाल्यावर आम्ही तिघांनी सोळा दिवसांत तीसही खोल्या बदलल्या. शेवटच्या दिवशी मालक बघायला आला. एका भिंतीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "ही एक जुनीच ठेवलीस ना? हाताला कळतं." मी म्हटलं, हो. दोन महिन्यांची फळी होती ती, बुर्गल.

जुन्या सगळ्या फळ्या माझ्या कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, लिहिलेली बाजू पुढे. माझी माणसं जेवणाच्या सुट्टीत तिथेच डबा खातात आणि वाचतात. १९७० मध्ये तुझ्या क्नोडलबद्दल काहीतरी आहे, ते तू स्वतः बघ. शनिवारी ट्रकने सगळ्या घेऊन येतो. तुला कोठार पुन्हा उभं करून हवं असेल तर तेही करतो, कुरणावर किंवा तुझ्या परसात, तू सांगशील तिथे. या वेळी आधी विचारतोय. दारातच थांबेन, आत बोलावलंस तरच येईन.

तुझी ती फळी तिसऱ्या मजल्यावर एका आरशामागे सापडली. ती समोर उभं राहून तुला वाचून दाखवणं मला जमणार नाही, म्हणून इथेच उतरवतो. खालचा कोपरा जरा घासला गेलाय, पण पेन्सिल स्पष्ट आहे आणि अक्षर त्याचंच आहे.

१९७८. २२ भारे. हवा उत्तम.